एका दारामागे अख्खं गाव: फुजियानचे तुलोउ समजून घेऊन कसे पाहावेत

दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतात, योंगडिंगच्या डोंगराळ भागात एक गोष्ट सांगतात. एका लग्नात दोन बायका जेवायला शेजारी शेजारी बसल्या. ओळख नव्हती, म्हणून बोलणं घरादारावर आलं. एक म्हणाली, आमच्या घरात इतक्या खोल्या आहेत की रोज एका खोलीत झोपलं तरी वर्षात सगळ्या होणार नाहीत. दुसरी म्हणाली, आमचंही तसंच. बोलता बोलता कळलं की दोघी एकाच घरात नांदतात, एक पूर्वेच्या बाजूला, दुसरी पश्चिमेच्या. या गोष्टीतलं घर म्हणजे गाओबेई गावातला चेंगची लोउ.

गोष्ट खरी असो वा नसो, घर खरं आहे. जिआंग घराण्याची ही वास्तू १७०९ साली पूर्ण झाली असं मानतात. वर्तुळात वर्तुळ अशी चार कडी आहेत. बाहेरचं कडं चार मजली, व्यास ७३ मीटर आणि दर मजल्यावर ७२ खोल्या. त्याच्या आत दोन मजली कडं, त्यात मजल्यागणिक ४०. त्याच्या आत एकमजली कडं, त्यात ३२. आणि मधोमध पूर्वजांचं सभागृह. बेरीज केली तर ४०० खोल्या होतात. भरभराटीच्या काळात इथे ८०च्या वर कुटुंबं आणि ६००च्या वर माणसं राहत होती. बाहेर पडायचा मुख्य दरवाजा मात्र सगळ्यांचा एकच.

अशा घरांना तुलोउ म्हणतात. माती चोपून उभारलेली जाड बाहेरची भिंत, आत लाकडाची बांधणी, वर कौलं, मध्ये अंगण. फुजियानच्या नैर्ऋत्येला ती हजारोंनी आहेत. त्यांतली निवडक ४६ घरं २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. या ४६ घरांचा काळ पंधराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत पसरला आहे.

फोटोत हे सगळं फार देखणं दिसतं. डोंगरावरून घेतलेला फोटो, खाली भातखाचरांत पडलेली मोठमोठी वर्तुळं. बहुतेक पर्यटक तो फोटो काढतात, एका घराच्या अंगणात उभं राहून मान वर करतात आणि बसमध्ये बसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुलोउमधली सर्वात विलक्षण गोष्ट फोटोत येतच नाही. ती गोष्ट म्हणजे घराची वाटणी.

घर उभं कापलेलं आहे

आपण एकत्र राहण्याच्या इमारती आडव्या वाटतो. चाळीत कुणाला तळमजल्यावरची खोली, कुणाला तिसऱ्या मजल्यावरची, आणि कोणाची खोली चांगली यावरून पिढ्यान्‌पिढ्या कुरबुर. तुलोउमध्ये वाटणी उभी आहे. एका कुटुंबाला तळापासून छपरापर्यंतचा एक उभा काप मिळतो: तळमजल्यावर एखाद-दोन खोल्या, त्यांच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर तेवढ्याच, त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर तेवढ्याच. म्हणजे प्रत्येकाकडे थोडी जमीन आली, थोडं छप्परही आलं. अंधार, ओल, ऊन, वारा सगळंच समसमान वाट्याला आलं.

प्रत्येक मजल्याचं काम ठरलेलं आहे. तळाला चूल आणि जेवण्याची जागा. त्याच्या वर धान्याचं कोठार. खालच्या चुलीचा धूर आणि ऊब वर जाते, त्यामुळे भात कोरडा राहतो आणि किडे लागत नाहीत. त्याच्या वरच्या मजल्यांवर झोपायच्या खोल्या. खालच्या दोन मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडक्या जवळजवळ नसतातच, उजेड अंगणाकडूनच येतो. स्वयंपाकघर आणि धान्य जिथे आहे तिथे शत्रूला हात घालता येऊ नये, आणि माणसं झोपतात तिथे मात्र हवा यावी, असा हा हिशोब.

आता आकाराचं कोडं उलगडतं. चौकोनी तुलोउ गोलांच्या आधीचे, आणि संख्येनंही भरपूर. पण चौकोनात कोपरे येतात. कोपऱ्यातल्या खोलीला उजेड कमी, वारा कमी, आणि तिथे जिना घातला तर जागा वाया. भावाभावांत वाटणी करायची तर कोपरा कोण घेणार? वर्तुळात कोपराच नाही. सगळ्या खोल्या एकाच मापाच्या, बाहेरून थोड्या रुंद आणि आतून थोड्या अरुंद. शिवाय भिंतीची लांबी तीच ठेवली तर वर्तुळाच्या पोटात चौकोनापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त जागा मावते. माती चोपायचे कष्ट तेवढेच आणि अंगण मोठं. तिथल्या लोकांच्या बोलण्यात फंगश्वीची, म्हणजे त्यांच्या वास्तुविचाराची, कारणंही येतात आणि ती त्यांच्यासाठी महत्त्वाची आहेत. पण मला स्वतःला कोपऱ्याचं भांडण मिटवणारं हे वर्तुळ सर्वात पटतं.

सगळे तुलोउ आतून सारखे मात्र नाहीत, आणि हा फरक एकदा कळला की पाहण्याची मजा दुप्पट होते. एका प्रकारात दर मजल्यावर आतल्या बाजूने गोल सज्जा फिरतो आणि जिने सामाईक असतात. चेंगची लोउमध्ये असे चारच जिने आहेत. आपल्या झोपायच्या खोलीकडे जायचं तर चुलत्याच्या, पुतण्याच्या, भाऊबंदांच्या दारांवरून जावं लागतं. कोण कधी आलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कुटुंबाचा काप पूर्ण स्वतंत्र: स्वतःचं दार, स्वतःचं छोटं अंगण, स्वतःचा जिना. ह्वाआन तालुक्यातल्या दादी गावचा अर्‌यी लोउ हे याचं उत्तम उदाहरण. तो १७४० ते १७७० या काळात बांधला, व्यास चेंगची लोउइतकाच, सुमारे ७३ मीटर. बाहेरच्या कड्याचे १६ स्वतंत्र भाग पाडलेले आहेत. पण सर्वात वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला चिकटून, एक अरुंद बोळ अख्ख्या घराला वळसा घालतो. हल्ला झाला की १६ कुटुंबांतले पुरुष आपापल्या जिन्याने वर येऊन त्या बोळात एक व्हायचे. रोजचं जगणं वेगळं, संकट एकत्र.

पहिला प्रकार हक्का समाजाचा आणि दुसरा मिन्नान, म्हणजे दक्षिण फुजियानची बोली, बोलणाऱ्यांचा, असं ढोबळमानाने सांगितलं जातं. ढोबळमानानेच, कारण योंगडिंगच्या चूशी गावातला जिछिंग लोउ हक्कांचा असूनही त्यात ७२ जिने आहेत! सामाईक जिन्यावरून होणारी कटकट त्या घरातल्यांनी कधीतरी अशी मिटवली. त्याच्या अंगणात उभं राहून एकाशेजारी एक लागलेले ते लाकडी जिने पाहावेत. एकत्र कुटुंबाबद्दल इतकं प्रामाणिक निवेदन मी दुसऱ्या कुठल्या इमारतीत पाहिलेलं नाही.

हक्का कोण, आणि भिंती कशासाठी

हक्का हे नाव आपल्याकडे नूडल्समुळे घरोघरी पोचलं. कोलकात्याच्या टांगरा भागात चामड्याचे कारखाने आणि नंतर हॉटेलं चालवणारे चिनी लोक मुख्यतः हक्का, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं मूळ गाव फुजियानला लागूनच असलेल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मेईश्यान परिसरात. हक्कांचे पूर्वज उत्तरेकडच्या मैदानातून अनेक शतकं, टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकले. सुपीक सखल जमीन आधीच इतरांच्या ताब्यात होती, म्हणून यांच्या वाट्याला डोंगर आले.

तरीही ‘तुलोउ म्हणजे हक्कांचं घर’ हे समीकरण अपुरं आहे. योंगडिंगमध्ये ते बऱ्यापैकी लागू पडतं, पण नानजिंग आणि ह्वाआन या शेजारच्या तालुक्यांत मिन्नान लोकांनीही तेवढ्याच हौसेने तुलोउ बांधले. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फुजियानच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांनी धुमाकूळ घातला होता, आतल्या डोंगरांत दरोडेखोर होते, आणि त्याहून चिवट म्हणजे घराण्याघराण्यांतली वैरं. पाण्यावरून, जमिनीवरून, स्मशानाच्या जागेवरून. सरकार दूर होतं. ज्यांना स्वतःचं रक्षण स्वतःच करायचं होतं, त्यांनी घरालाच तटबंदी केली. त्यात जात-भाषेचा प्रश्न नव्हता.

संरक्षणाची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. मुख्य दरवाजाशी थांबा. चौकट ग्रॅनाइटची, दाराच्या फळ्या जाडजूड आणि बाहेरून लोखंडी पत्र्याने मढवलेल्या. मागे अडसर सरकवायला भिंतीत खोबणी. आता मान वर करा. बऱ्याच घरांत दाराच्या माथ्यावर भोकं दिसतात. वरच्या मजल्यावर पाणी ठेवून ते या भोकांतून दारावर सोडायची सोय केलेली असते, म्हणजे शत्रूने दाराला आग लावली तर आतूनच विझवता येते. मग खाली भिंतीचं जोतं पाहा. ते नदीतल्या गोट्यांचं असतं, आणि गोट्याचं मोठं तोंड आतल्या बाजूला, निमुळतं बाहेर. बाहेरून कुणी एकेक गोटा उपसायला गेलं तर तो अडकून राहतो. आत आड आहे, कोठारात धान्य आहे, कोंबड्या-डुकरं आहेत. दार लावून घेतलं की आतली माणसं बरेच दिवस तग धरू शकत.

चोपलेली माती इतकी टिकते कशी

चिकणमाती असलेली स्थानिक माती, वाळू आणि चुना ही मूळ सामग्री. महत्त्वाच्या जागी, विशेषतः श्रीमंत घरांत, चिकट तांदळाची पेज आणि गूळसाखर मिसळल्याचंही सांगतात. पण खरं कौशल्य ओलाव्यात आहे. माती जास्त ओली असेल तर वाळताना आक्रसते आणि तडे जातात, जास्त कोरडी असेल तर चोपूनही धरत नाही. माती चोपून बांधणारे लोक जगभर एक साधी परीक्षा घेतात. मूठभर माती आवळायची. गोळा टिकला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला की फुटला पाहिजे.

मग दोन फळ्यांचा साचा भिंतीवर बसवायचा, त्यात मातीचा थर टाकायचा आणि धुमसाने चोपायचा. पुन्हा थर, पुन्हा चोपणं. थरांच्या मध्ये बांबूच्या कामट्या आणि फरच्या झाडाच्या फांद्या आडव्या घालतात. त्यांच्यामुळे लांबलचक भिंत एकसंध राहते आणि तडा गेला तरी तो फार पसरत नाही. एक साचा भरला की तो पुढे सरकवायचा, असं करत अख्खी प्रदक्षिणा पुरी झाली की वरचा थर. खालच्या थरातले सांधे आणि वरच्यातले सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. भिंत तळाला मीटरभर ते दीड मीटर जाड असते, अर्‌यी लोउमध्ये तर अडीच मीटर. वर जाताना ती मजल्यागणिक थोडी थोडी बारीक होत जाते, म्हणजे वजन खालीच राहतं.

यातली सर्वात सुंदर गोष्ट त्या भागातल्या गवंड्यांची. ते म्हणतात, ऊन भिंत ढकलतं. झालं असं की ताज्या भिंतीची उन्हाकडची बाजू आधी वाळून कडक होते, सावलीकडची बाजू ओली आणि मऊ राहते, आणि भिंत आपल्या वजनाने मऊ बाजूकडे कलते. म्हणून जाणता गवंडी भिंत आधीच किंचित उन्हाच्या दिशेला झुकवून ठेवायचा. वाळता वाळता ती सरळ उभी राहायची. किती झुकवायची हे हाताला कळायचं.

काम घाईत होत नसे. शेतीची कामं संपल्यावर पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत एखादा मजला चढवायचा आणि मग तो वाळू द्यायचा. त्यामुळे एकेक घर पुरं व्हायला दोन-तीन वर्षं लागत, मोठ्या घरांना त्याहून कितीतरी जास्त. पुरं झाल्यावर या भिंतीचा एकच शत्रू उरतो, तो म्हणजे पाणी. म्हणून तुलोउंची वळचण इतकी लांब पुढे आलेली असते की जोराच्या पावसातही भिंतीवर झड कमी येते. गोट्यांचं जोतं जमिनीची ओल वर चढू देत नाही. पाय कोरडे आणि डोकं झाकलेलं असेल तर चोपलेली माती शतकानुशतकं उभी राहते. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब, आणि दमट हवेतला ओलावा भिंत स्वतःत शोषून घेते, कोरडं झालं की परत सोडते. फेब्रुवारी १९१८मध्ये या भागाला मोठा भूकंप बसला. योंगडिंगमधल्या १६९३ सालच्या ह्वानजी लोउच्या भिंतीला तेव्हा मोठी भेग पडली, आणि पुढे ती बरीचशी आपोआप मिटत आली असं तिथे सांगतात. घर आजही उभं आहे.

पैसा आला कुठून

इतक्या डोंगराळ, नापीक मुलखात इतकी मोठी घरं? उत्तर तंबाखू. अमेरिका खंडातलं हे झाड फिलिपाईन्समार्गे मिंग राजवटीच्या उत्तरार्धात, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात, फुजियानला पोचलं, आणि योंगडिंगची बारीक चिरलेली तंबाखू पुढे चीनभर विकली जाऊ लागली. होंगकेंग गावच्या लिन घराण्याने तंबाखू चिरायच्या सुऱ्या बनवून पैसा केला आणि १९१२ साली झेनचेंग लोउ बांधायला घेतला. हे घर आतून पाहिलं की थक्क व्हायला होतं. बाहेरून परंपरेतली मातीची भिंत, आत सभागृहात युरोपीय धाटणीचे उंच दगडी खांब आणि ओतीव लोखंडाचे कठडे. कडं आठ भागांत तोडलेलं आहे आणि दोन भागांमध्ये विटांची आगरोधक भिंत, तीत दारं. एका भागाला आग लागली तर दारं बंद करून बाकीचं घर वाचवायचं. लाकडी घराला आगीची भीती शत्रूपेक्षा जास्त, हे ओळखून केलेली ही रचना आहे.

दुसरा पैसा परदेशातून आला. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मलाया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रह्मदेशात गेली. आपल्या घरात डोकेदुखीसाठी असणारी टायगर बामची छोटी डबी याच स्थलांतरातून आली. योंगडिंगच्या चोंगछ्वान गावातून आउ चू किन हे वैद्य रंगूनला गेले, आणि त्यांच्या मुलांनी, आउ बून हॉ आणि आउ बून पार यांनी, टायगर बाम जगभर नेला. चोंगछ्वानला आउ बून हॉ यांचं स्मारक-संग्रहालय आहे, वाट वाकडी करून जाण्यासारखं.

कुठे जावं, कुठे वेळ द्यावा

सर्वात प्रसिद्ध जागा नानजिंग तालुक्यातलं थ्येनल्वोकेंग. डोंगरउतारावर मधोमध एक चौकोनी घर आणि भोवती तीन गोल, एक लंबगोल. चिनी लोक त्याला ‘चार भाज्या, एक सूप’ म्हणतात, म्हणजे मेजावर मांडलेलं जेवणच. चौकोनी घर मूळचं १७९६चं आणि लंबगोल थेट १९६६चं. तुलोउ ही फक्त प्राचीन गोष्ट नाही, परवापरवापर्यंत लोक ती बांधत होते, हे यावरून लक्षात यावं. डोंगरावर पर्यटकांसाठी केलेल्या सज्जातून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे, गर्दीही तशीच. जवळच श्यापान गावी युछांग लोउ आहे, आतले लाकडी खांब वेडेवाकडे कललेले आणि तळमजल्यावरच्या बहुतेक स्वयंपाकघरांत स्वतःचा आड. तो १३०८ सालचा असल्याचं सांगतात. त्याची कीर्ती मोठी असली तरी तो युनेस्कोच्या ४६ घरांत नाही.

त्याच तालुक्यात मेईलिन परिसरातला हगुई लोउ पाच मजली आणि २१ मीटरहून उंच आहे, आणि तो दलदलीवर उभा आहे. पायात पाइनचे ओंडके घालून त्यावर तो पेलला आहे. अंगणात जोरात पाय आपटला की आजूबाजूचे गोटे हलल्यासारखे वाटतात. जवळच्या ह्वाययुआन लोउमध्ये मधल्या सभागृहातच घराण्यातल्या मुलांची शाळा भरत असे.

वेळ थोडा असेल तर माझा सल्ला असा: सज्जातल्या फोटोचा मोह थोडा आवरा आणि योंगडिंगकडे जा. गाओबेईचा चेंगची लोउ आणि होंगकेंगचा झेनचेंग लोउ एका दिवसात होतात. दोघांमध्ये दोन शतकांचं अंतर आहे, त्यामुळे तुलना आपोआप होते. दुसऱ्या दिवशी चूशी. तिथे ओढ्याच्या काठाने एकत्र वसलेले दहा तुलोउ आहेत आणि गर्दी कमी. सगळी ठिकाणं एकमेकांपासून दूर, तिकिटं वेगवेगळी, रस्ते वळणांचे. एका दिवसात सगळं दाखवतो म्हणणाऱ्या सहलींत निम्मा दिवस बसमध्ये जातो. तुलोउमध्ये किंवा गावात घरगुती मुक्काम मिळतो, तो जरूर करावा. मात्र खोल्या लहान असतात, जिने उभे, आणि जुन्या घरांत स्वच्छतागृह बाहेर असण्याची तयारी ठेवावी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी गावातल्या नव्या इमारतीत राहावं.

जायचं ते श्यामेनमार्गे. मुंबईहून हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक असं कुठूनतरी विमान बदलून श्यामेन गाठता येतं. भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. श्यामेनहून योंगडिंगच्या तुलोउंपर्यंत रस्त्याने तीनेक तास, किंवा वेगवान रेल्वेने नानजिंग स्टेशन आणि पुढे गाडी. इथे एक सावधगिरी: चीनमध्ये याच उच्चाराचं महानगर आहे, पार दुसऱ्या प्रांतात. तिकीट काढताना चिनी अक्षरं ताडून पाहा, नाहीतर चुकीच्या दिशेला शेकडो किलोमीटर जाल. निघण्यापूर्वी मोबाईलवर अलीपे घ्या आणि त्याला आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा, गावातल्या चहाच्या टपरीवरही पैसे मोबाईलनेच घेतात. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात चांगले, फक्त १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळा. शरद ऋतूत अंगणांत बांबूच्या मोठ्या सुपांवर लालकेशरी पर्सिमन फळं वाळत घातलेली दिसतात.

शाकाहारी मंडळींना थोडी तजवीज लागते. इथली सुकवलेली मोहरीची भाजी नामांकित आहे, पण ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. भरलेल्या टोफूतही खिमाच असतो. साधा भात, परतलेली पालेभाजी, बांबूचे कोंब, अळकुड्या हे मिळतं. मांस नको, चरबीही नको, असं मोबाईलवर चिनीत लिहून दाखवणं सर्वात सोपं.

आणि एक कळकळीचं. हे वस्तुसंग्रहालय नाही, घर आहे. अनेक ठिकाणी वरच्या मजल्यांवर जायला पर्यटकांना मनाई आहे, ती पाळावी. भिंत कितीही मजबूत असली तरी आतले जिने आणि सज्जे लाकडाचे आहेत, आणि शेकडो पायांचा भार त्यांना सोसत नाही. तळमजल्यावर बाहेर बसून भाजी निवडणाऱ्या आजींचा फोटो विचारून काढावा. चहा पुढे केला तर बसावं.

आता आत कोण राहतं

चेंगची लोउसारख्या घरांतही आता पूर्वीच्या तुलनेत फार थोडी माणसं उरली आहेत, बहुतेक वयस्कर. तरुण श्यामेनला, ग्वांगडोंगला गेले. जे राहिले त्यांनीही बाजूला काँक्रीटची घरं बांधली, कारण घरात नळ, न्हाणीघर, दरवाजा लावून मिळणारा एकांत सगळ्यांनाच हवा असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

अडचण इथे सुरू होते. ज्या उभ्या वाटणीने शेकडो माणसांना न भांडता एकत्र ठेवलं, तीच आता दुरुस्तीच्या आड येते. छपराचा एक तुकडा एकाचा, शेजारचा दुसऱ्याचा. एक मालक गावात, दुसऱ्याची नातवंडं जकार्तात. रिकाम्या कापावरची कौलं सरकली की पाणी भिंतीत उतरतं, आणि मग ज्याचा काप नीट आहे त्याची भिंतही त्याच्याबरोबर जाते. घराला माणसाचा वावर असेपर्यंत हे घडत नव्हतं, कारण गळणारं कौल त्याच आठवड्यात बदललं जायचं.

यादीतल्या ४६ घरांना तिकिटांचं उत्पन्न आणि सरकारी निधी मिळतो, त्यांची निगा राहते. बाकीच्या हजारोंना असं काही नाही. म्हणून प्रसिद्ध घरं पाहून झाल्यावर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि रस्त्यात दिसणाऱ्या एखाद्या बिननावाच्या तुलोउपाशी थांबा. तिकीट नसेल, माहितीफलक नसेल. दारातून हाक द्या, कुणी असेल तर आत बोलावतील. सुकी पर्सिमन, बांबूचे सुकवलेले कोंब किंवा चहा विकायला असेल तर त्यांच्याकडूनच घ्या. त्या घरात थेट जाणारा बाहेरचा पैसा बहुतेक एवढाच असतो.